दोन विती, चार बोटं

रविवार, सात डिसेंबर. सिंधीपुऱ्यातली शेड. हजर: पाटील सर, वर्षा, मी. गैरहजर: मिस्त्री. परवा त्यांचं दहावं झालं.

भंगारातून रुळांवर चालणारी गाडी बनवायच्या स्पर्धेत आमची टीम आहे. जुन्या यंत्रमागांच्या लोखंडातून सांगाडा मिस्त्रींनीच उभा केला. सगळं वितीनं मोजायचे. मी टेप दिली की हसून खिशात टाकायचे. "ताई, टेप घरी राहून जाते. हात राहतो का?"

आज सांगाड्यावर त्यांच्या खडूची ओळ दिसली: 'ब्रेकचा दांडा, दोन विती चार बोटं.' सरांनी हात टेकवला, मग वर्षानं. दोघांची मापं वेगळी आली.

"वीत कोणाची धरायची, ताई?" वर्षानं विचारलं.

माझ्या हातात टेप होती.

स्पर्धेत ब्रेकशिवाय गाडी रुळांवर घेत नाहीत. दांडा कापायचा राहिला आहे.