आईच्या वाटीतला ट्रायल लॉट

आईला पहिला संशय आला तो पाटल्यांवरून. पाटल्या तिनेच जुन्या लुगड्याच्या घडीत लपवल्या होत्या आणि चोर ठरली माझी बायको. मग सोसायटीचा वॉचमन टाकीच्या पाण्यात काही टाकतो, असं निघालं. मग समोरच्या फ्लॅटमधल्या बाई आपल्या चपला पळवतात, असं. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं होतं की अल्झायमरमध्ये असा संशय येतो, त्यावर वाद घालू नका, गोड बोलून विषय बदला. आम्ही ते शिकलो. "सापडतील हां आई, आधी चहा घेऊ," हे वाक्य आमच्या घरात इतकं रुळलं की आम्ही न ऐकताच ते म्हणायला लागलो.

म्हणून आईने एके दिवशी दह्याची वाटी नाकाशी नेली आणि "ह्येच्यात काय तरी घातलंय," म्हणाली, तेव्हा बायकोने शिकवल्याप्रमाणे विषय बदलला. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो. त्या वाटीत खरंच काहीतरी घातलेलं होतं, आणि ते मी घातलं होतं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. एखादा भाग खराब निघाला की आम्ही 'का' विचारतो. त्याचं उत्तर आलं की त्यालाही 'का' विचारतो. असं करत मुळाशी जायचं, आणि मुळाशी माणूस नाही तर कामाची पद्धत सापडली पाहिजे, असा नियम आहे. प्रत्यक्ष मीटिंगमध्ये शेवटच्या 'का'ला बहुतेक वेळा एखाद्या ऑपरेटरचंच नाव येतं आणि सगळे सुटल्यासारखे चहाकडे वळतात.

आईचा आजार कळल्यावर मी घरीही तेच करायला लागलो. वय झालं, मेंदू थकला, हे उत्तर मला पटेना. काहीतरी चुकलं असणार, कोणीतरी चुकलं असणार.

अशात कंपनीच्या बसमध्ये फोनवर एक लेख वाचला. आपल्या आतड्यांत असंख्य जिवाणू असतात. अल्झायमर झालेल्यांच्या पोटातली त्यांची वस्ती इतरांपेक्षा वेगळी आढळते. पोटातल्या बिघाडाने अंगात सूज वाढत असावी आणि तिची झळ मेंदूपर्यंत जात असावी, असा अभ्यासकांना संशय आहे. उंदरांवर प्रयोग झालेत. खाली असंही लिहिलं होतं की आधी पोट बिघडतं की आधी आजार येतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. ते वाक्यही मी वाचलं. वाचून पुढे गेलो.

बस मोशीला येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. आम्ही मूळचे मारुंजीचे. गोठ्यात म्हशी होत्या तोवर आई गाडग्यात दही लावायची. तिचं विरजण अर्ध्या आळीत जायचं, फक्त दिवे लागल्यावर कोणी मागायला आलं तर ती दारातूनच परत पाठवायची, मग ती सख्खी जाऊ का असेना. पुढे जमीन गेली, म्हशी गेल्या, आम्ही पिंपळे सौदागरला फ्लॅटमध्ये आलो. काही दिवस आईने पिशवीच्या दुधाचं दही लावलं. मग तेही बंद झालं आणि डब्यातलं दही घरात आलं. ते कोणी आणलं? बायकोने.

त्या संध्याकाळी चपला काढता काढताच मी विचारलं, "आईचं विरजण तूच बंद केलंस ना?"

"मी?" तिच्या हातात लाटणं होतं. "अहो, घरात आलात, पाणी तरी प्या. आल्या आल्या कसली इन्क्वायरी?"

"विचारलं फक्त."

"तुमचं फक्त विचारणं मला चांगलं माहितीये. ते कंपनीत चालतं. मी नाही केलं बंद." आणि तिने पाठ फिरवली.

पाठ फिरवली म्हणजे पाणी मुरतंय, असं मी मनात धरलं. खरं तर मला तिथेच थांबायचं होतं. कारण एक 'का' अजून पुढे विचारला असता तर तो माझ्यावर आला असता. इथे आल्यावर आईच्या छातीत जळजळ व्हायची. मी तिला डॉक्टरकडे नेलं नाही. ओव्हरटाइम होता, बसची घाई होती. मी मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणायचो, पाकीट संपलं की दुसरं. सर्दी-ताप आला तर मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या द्यायचो. आई म्हणायची, "माझा ल्योक अर्धा डाक्टर हाय." त्या गोळ्यांनी पोटातले जिवाणू बदलतात, हेही लेखात होतं. म्हणून मी बायकोपाशी थांबलो.

मग मी ट्रायल घेतली. आमच्याकडे पद्धत अशी: काहीतरी बदलून बघायचं असेल तर थोडा माल वेगळा काढायचा, त्याला ट्रायल लॉट म्हणायचं, आणि ऑपरेटरला ते सांगायचं नाही. सांगितलं की तो नेहमीपेक्षा जास्त जपून काम करतो आणि निकाल फसतो. मी मेडिकलमधून चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल आणल्या, त्या फोडून पावडर आईच्या दह्यात कालवायला लागलो. आईला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं नाही, ती हात धुवून मागे लागली असती. डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही, त्या नको म्हणाल्या असत्या. पाकीट कंपनीत न्यायच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या डबीखाली ठेवायचो. दही मीच वाढायचो. बायको शेजारणीला कौतुकाने सांगायची, "आजकाल आईंचं सगळं हेच बघतात."

मी आईवर नजर ठेवायला लागलो. आज वार कोणता, मी कोण, हे घर कोणाचं. एकदा तिने आमच्या काळ्या म्हशीचं नाव घेतलं आणि ती कुठल्या पायाने लाथ मारायची तेही सांगितलं. मी हरखलो. ते मी पावडरीच्या खात्यात जमा केलं. दुसऱ्या दिवशी ती मलाच "पाव्हणं, कुठल्या गावचं?" म्हणाली, तर बायकोने लोणचं वाढलं होतं म्हणून असं झालं, असं ठरवलं.

बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला मी लेखाचं सांगितलं होतं, पावडरीचं नाही. तो मोठ्याने हसला. "भावा, आपल्याकडे ज्या दिवशी कॅन्टीनला पोहे असतात त्या दिवशी रिजेक्शन वाढतं. तू पोह्यांवर रिपोर्ट लिहिलास का कधी?"

"विषय वेगळा आहे राव."

"विषय तोच आहे. आई तुझी आहे म्हणून तुला वेगळा वाटतोय."

हाही बायकोच्याच बाजूचा, असं काहीतरी मनात आलं. तेव्हा माझं असंच चाललं होतं.

त्यानंतर आईने वाटी नाकाशी नेली. आधी दही सोडलं. मग ताटातली भाजी बोटाने उलटीपालटी करायला लागली. मग भाकरीचा पापुद्रा उचलून आत बघायला लागली. शेवटी माझ्या हातचं पाणीही घेईना. बायकोकडे बघून, पण बोट माझ्याकडे करून म्हणाली, "ह्यो माणूस काय तरी घालतो."

माझं नाव ती कधीच विसरली होती. मी मुलगा आहे हेही कधी असायचं, कधी नसायचं. पण माणूस तिने बरोबर धरला होता.

मी उठून आत गेलो. बायको मागोमाग येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका हो. आई नाही बोलत, आजार बोलतोय."

मी मान हलवली. याच बाईवर मी विरजणावरून पाळत ठेवून होतो आणि ती माझी समजूत काढत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पावडर घालणं तर मी थांबवलं होतं, पण आता त्याचा उपयोग नव्हता. आईचा विश्वास उडाला होता. तिचं पोलकं दंडात ढिलं पडलं. ती दिवसाकाठी दोन केळी खायची, कारण सालीतून कोणी काही घालू शकत नाही. बायकोने डॉक्टरांची ठरलेली वेळ अलीकडे आणली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "संशयापायी खाणं बंद होत असेल तर मला एक गोळी सुरू करावी लागेल," त्या म्हणाल्या. "संशय कमी होईल. पण सुस्ती येते, तोल जातो. या वयात त्या गोळीचे इतरही धोके आहेत, म्हणून मी ती सहसा देत नाही. पण उपाशी ठेवून चालणार नाही."

आई खुर्चीत ताठ बसली होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "ह्यालाच इचारा की."

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, साडी छान आहे हं तुमची."

आम्ही घरी करत होतो तेच. आई खरं बोलत होती, आणि तिथे बसलेले आम्ही सगळे तिची गोड बोलून बोळवण करत होतो. त्यांनी कागद पुढे ओढला. त्या गोळीने आई गप्प झाली असती, कदाचित कुठेतरी पडली असती, आणि माझी पावडर कोणाला कधी कळली नसती.

"मॅडम, लिहू नका," मी म्हणालो. "आई बरोबर बोलतेय. मी घालत होतो."

मी कंपनीतून थेट तिथे आलो होतो; डब्याच्या पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बायकोने आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मागच्या वेळी मी विचारलं होतं, दुसरं काही चालू आहे का. तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"या कॅप्सूलने फारसं बिघडलं नसेल. पण खाण्यात काहीतरी आहे हे त्यांना कळत होतं, आणि तुम्ही सगळे 'काही नाही' म्हणत होता. अशाने कोणीही जेवणं सोडेल."

मी तरीही विचारलं, "पण पोटातल्या जिवाणूंचा आणि या आजाराचा संबंध आहे ना?"

"संबंध दिसतो. पण आजारी माणसाचं खाणं बदलतं, चालणं-फिरणं कमी होतं, औषधं वाढतात. त्यानेही पोट बदलतं. आधी काय आणि नंतर काय, हे आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही."

"मी सांगते," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी विरजण बंद केलं नाही. आई दूध तापवायच्या आणि विरजण लावायचं विसरायच्या. किती वेळा नासकं दूध मी गुपचूप ओतलं, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही तेव्हा सेकंड शिफ्टला. दही बंद झालं म्हणून त्या विसरायला लागल्या नाहीत. त्या विसरायला लागल्या होत्या म्हणून दही बंद झालं."

मग मी पित्ताच्या गोळ्यांचं सांगितलं, उरलेल्या अँटिबायोटिकचंही, आणि विचारलं, हे त्यामुळे झालं असेल का? डॉक्टरीणबाईंनी पाकीट माझ्याकडे परत सरकवलं. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. नाही म्हणून मी तुम्हाला मोकळं करू शकत नाही, आणि हो म्हणायलाही आधार नाही." संशयाची गोळी त्यांनी लिहिली नाही. आधी जेवायला लावा, वजन बघू, मग ठरवू, म्हणाल्या.

रिक्षात आई आमच्या मध्ये बसली होती. तिच्या डोक्यावरून बायको म्हणाली, "आजार बोलतोय असं मी म्हणत होते, आणि तुम्ही मान हलवत होतात."

"हो."

"आणि संशय माझ्यावर होता."

"हो."

"बरं झालं बोललात," ती म्हणाली, आणि आईचा पदर सारखा करत राहिली. अजूनही ती पूर्वीसारखी बोलत नाही. दही आता मी वाढत नाही.

दुसऱ्या दिवशी बायको मारुंजीला माझ्या चुलतभावाकडे गेली. त्यांच्याकडे अजूनही एक म्हैस आहे. चुलत जाऊबाईंनी विरजण देताना विचारलं म्हणे, "डब्याचं दही संपलं व्हय गं तुमच्या पिंपळ्यात?" बायको दिवे लागायच्या आत परत आली आणि आईच्या डोळ्यांसमोर तिने दही लावलं. ते लागल्यावर वाटी आईपुढे ठेवली. आईने वास घेतला आणि वाटी लांब सारली.

मी तिच्यासमोर बसलो. "आई, तुझ्या दह्यात मी पावडर घालत होतो. आता नाही घालत."

"कशापायी घालत व्हतास?"

"तुला आठवावं म्हणून."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी कोण हे तिला कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. "मंग सांगून घालायचं की रं," ती म्हणाली, आणि वाटी माझ्याकडे ढकलली. "तू खा आदी."

मी खाल्लं. मग ती जेवली, अर्धी भाकरी आणि वाटीभर दही.

पुढच्या दिवशी तिला माझी कबुली आठवत नव्हती. संशय मात्र होता. तो आजाराचा की मी पेरलेला, हे आता वेगळं काढता येत नाही. म्हणून बायको वाटी ठेवते आणि आई ती आधी माझ्याकडे सारते. मी घरी असलो की रोज. मी एक चमचा खातो. ती माझ्या घशाकडे बघत राहते, घास खाली उतरेपर्यंत. मग चमचा माझ्या हातातून काढून घेते, पदराला पुसते आणि जेवायला लागते.