तांब्याच्या भांड्यातलं ताक

जनावराला हात लावण्याआधी धोंडीमामा ते चरतं त्या रानातली माती चाखत. चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकायचं आणि मग निकाल द्यायचा. निजामाचं राज्य होतं आणि मी गेवराईला गुरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डोक्यावर तुर्की टोपी, कपाटात बाटल्या आणि ज्ञान बेताचंच. चकलांब्याचा हा म्हातारा धनगर माती खाऊन रोग ओळखतो, याचं मला मोठं हसू यायचं.

चकलांब्याच्या पाटलांची म्हैस पेंड खाऊनही खंगत चालली होती. तिचे काळे केस तांबूस पडले होते. मी चार बाटल्या पाजल्या; फरक पडला तो आमच्या कपाटात. मग मामा आले. माती चाखून पाटलीणबाईंना म्हणाले, "वैनी, बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ताक ठिवा. कळकलं म्हून फेकू नका. आठ दिसाला वाटीभर हिला पाजा."

तांबं उतरून हिरवट पडलेलं, माणसाला ओकारी आणणारं ताक म्हशीला औषध! पण पावसाळा सरेपर्यंत म्हैस काळीभोर झाली आणि अंगावर मांस धरू लागली. मामा म्हणाले, "पेंड लई चांगली हुती, सायेब. पर ह्या रानात तांबं न्हाई. मंग खाल्लेलं अंगी कसं लागंल?" मी ते वाक्य पाठ केलं आणि गावोगाव स्वतःचं म्हणून सांगत सुटलो.

पुढच्या उन्हाळ्यात मामांना हिवतापानं अंथरुणाला खिळवलं. त्यांची रोडावलेली मेंढरं सून राखत होती. उपकार फेडावेत म्हणून मी सुनेला फर्मावलं, "रोज कळकलेलं ताक पाजा." मामा चार पावलांवर निजले होते, पण सरकारी माणूस धनगराला विचारतो थोडाच! तीन आठवड्यांत मेंढरांचे डोळे पिवळे झाले, लघवी लाल झाली आणि बघता बघता निम्मा कळप आडवा झाला.

मामा काठी टेकत आले. त्यांनी भांडं हुंगलं. "मशीला लागतं ते मेंढराला सोसत न्हाई, सायेब," एवढंच बोलले आणि मेलेल्या मेंढीच्या अंगावर हात ठेवून लहान पोरासारखे रडले.

बीडहून चौकशीला अंमलदार आला. ताकाचं नाव निघतं तर माझी नोकरी गेलीच होती. मामांनी साथीनं मेंढरं मेली असं सांगितलं आणि कागदावर अंगठा उठवला. बाहेर आल्यावर मी खालमानेनं विचारलं, "मामा, असं का केलंत?"

"माजी मेंढरं तर गेलीच. आता तुमची चूल कावून इझवू?"

साथ वेळीच आटोक्यात आणली म्हणून वरून माझी पाठ थोपटली गेली आणि बढतीवर बदली झाली. कळप मोडल्यावर मामा पाटलांची गुरं वळू लागले होते. मी निघालो त्या दिवशी गुरं सोडून मला वेशीपर्यंत पोचवायला आले. 'मागे फिरतो आणि खरं काय ते सांगतो,' एवढं मी म्हणायला हवं होतं. मी "येतो, मामा," म्हणालो आणि टांग्यात बसलो.