सत्यभामेने फाडलेल्या कोप्या

सत्यभामाबाईच्या जिभेला हाड नव्हतं आणि हाताला विसावा नव्हता. धारूरच्या घाटाखालच्या तिच्या गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. त्यामुळे मिशा फुटलेल्या गड्यालाही ती "इकडं ये बे नागड्या" म्हणून हाक मारायची आणि तो मुकाट्यानं जायचा. दिवाळी झाली की मात्र ही सुईण कोयता घेऊन उसाच्या फडात उतरायची. नवरा बंकट तोडायचा, ती मोळ्या बांधायची. राहायला उसाच्या वाळक्या पाचटाची कोपी, वाकून आत शिरायचं आणि वाकूनच बाहेर पडायचं.

शहाऐंशीच्या दुष्काळात गावातल्या विहिरींनी तळ दाखवला, जनावरं छावणीत गेली. ज्यांनी जन्मात कोयता धरला नव्हता तेही ट्रकात बसून घाटनांदूरच्या पलीकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या तळावर आले. आणि तिथं थंडी पडली. आभाळात ढगाचा ठिपका नाही, उघडा माळ, उत्तरेचं वारं. सकाळी कोयत्याची मूठ हातात धरवेना. दवानं भिजलेला ऊस तोडताना बोटं इतकी बधिर व्हायची, की बोट कापल्याचं रक्त दिसल्यावरच कळायचं.

कारखान्याच्या संचालकांना दया आली. त्यांनी दर कोपीला एक मेणकापड वाटलं, वर एक भाषणही दिलं. भाषण लोकांनी तिथंच सोडलं, पण मेणकापड घट्ट ओढून घेतलं. कडेला दगड लावले, फटीत पोती कोंबली. पूर्वी पाचटाच्या कोपीत वारं चहूकडून यायचं. आता मुंगीला आत शिरायची चोरी झाली. जनावरं नाहीत म्हणून गोवऱ्याही नव्हत्या. दुष्काळानं वठलेल्या बाभळी मात्र चिक्कार होत्या, त्यांचे कोळसे शेगडीत पेटू लागले. गोवरीचा धूर डोळ्यांत जायचा, माणूस खोकत दार उघडायचा. या कोळशाला धूरच नव्हता. लोक खूश झाले.

त्याच आठवड्यात टोळीतली शिवकन्या बाळंत झाली. पहिलटकरीण, अंगानं पोरसवदा, आणि झाली ती मुलगी. सत्यभामेनं रात्रभर उकिडवं बसून तिला सोडवलं होतं. सासू केशरबाई सोवळ्याओवळ्याची, रीतभात काटेकोर पाळणारी. बाळंतिणीला वारं लागू नये, बाजेखाली शेगडी धगधगती हवी, दार दहा दिवस बंद हवं, असा तिचा शिरस्ता. खरं तर हा शिरस्ता सत्यभामेनंच गावोगाव पाळलेला आणि पाळायला लावलेला. जाड भिंतींच्या, उंच छपराच्या घरात त्यानं कुणाचं वाईट झालं नव्हतं.

पाचवीच्या दिवशी टोळी फडात गेली आणि सत्यभामा मायलेकींना न्हाऊ घालायला मागं राहिली. उन्हं कोपीवर आली तेव्हा ती आत शिरली. शिवकन्या गाढ झोपलेली, गाल लालबुंद. "बघा कसं तेज आलंय," केशरबाई दारातून कौतुकानं म्हणाली आणि पडदा पुन्हा घट्ट लावला.

सत्यभामेनं तिला हलवलं. डोळे उघडेनात. बाळ उचललं तर मान लुळी, छातीला तोंड लावलं तरी ओढ नाही. एवढ्यात तिचं स्वतःचं डोकं गरगरलं, कानात भणभण सुरू झाली. आयुष्यात कधी डोकं धरून न बसलेली बाई ती. तिला वाटलं, बाहेर होते तर ठणठणीत होते, आत येऊन घटका झाली न्हाई तर असं कशानं व्हावं? तिनं बाजेखाली पाहिलं. कोळसे लाल फुललेले होते.

"केशरे, दार उघड! पोरीला भाईर काढायची!"

"डोकं फिरलं काय? पाच दिवसांची बाळंतीण हाय. वारं लागलं तर मरंल ती!"

"आत ऱ्हायली तर आत्ताच मरंल!"

केशरबाई दारात आडवी उभी राहिली. तिच्या जिवाचा आकांत खोटा नव्हता. तिची पहिली सून अशाच थंडीत बाळंतरोगानं गेली होती. पण समजावत बसायला वेळ नव्हता. सत्यभामेनं कमरेला खोचलेला कोयता काढला आणि मागच्या भिंतीवर घातला. मेणकापड टर्रकन फाटलं, पाचट भसाभसा खाली आलं, आणि थंडगार वारं आत घुसलं. त्या भगदाडातून तिनं आधी बाळ बाहेर घेतलं, मग शिवकन्येला काखेत धरून ओढलं. उन्हात घोंगडीवर टाकलं, वरून दोन घोंगड्या पांघरल्या, बाळाला तिच्या उघड्या छातीशी घट्ट लावलं आणि त्याची पाठ चोळत बसली.

केशरबाई छाती बडवत होती. "मारलं गं! माझ्या सुनंला मारलं हिनं! लोकांनो, बघा!"

सत्यभामेचा हात बाळाच्या पाठीवर थांबला नाही. तिला फार भीती वाटत होती. आपल्या हातानं जगात आणलेलं पोर आपल्याच हातात जातंय की काय, एवढंच मनात होतं.

शिवकन्येनं उलटी केली. मग डोळे किलकिले करून सासूला म्हणाली, "आत्याबाई, डोस्कं लई दुखतंय." आणि पाठोपाठ बाळानं असं भोकाड पसरलं, की तळावरची कुत्री भुंकू लागली. केशरबाई धावत पुढं आली. तिनं सत्यभामेचे पाय धरले, तर ही म्हणते, "पाय सोड, आदी दवाखान्याची गाडी बघ."

कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मायलेकींना तपासलं, ठेवून घेतलं आणि सांगितलं, बंद खोपटात कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या.

सत्यभामेला तेवढं पुरे झालं. संध्याकाळी टोळी परतली, तेव्हा ती कोयता घेऊन तळभर फिरत होती. प्रत्येक कोपीला वर एक आणि खाली एक भोक. कुणी हात धरला तर त्याच्या जन्माची कथा चारचौघांत सांगायची धमकी द्यायची. शेगड्या दाराबाहेर काढायला लावल्या. भिजलेली लुगडी, धोतरं अंगावर वाळवत बसलेल्यांना उठवून कोरडी पोती बांधायला लावली. मुकादम आप्पा ओरडला, "बाई, कारखान्याचं मेणकापड हाय हे!" ती म्हणाली, "मग कारखान्याला सांग, सत्यभामेनं फाडलं." आणि त्याच्याच कोपीवर पुढचा घाव घातला. तिच्या मागं, पाचट सावरत, केशरबाई चालत होती.

त्या रात्री हंगामातली सगळ्यात कडक थंडी पडली. पहाटे सत्यभामा उठली आणि पहिल्या कोपीपासून शेवटच्या कोपीपर्यंत प्रत्येक दारापुढं काठी आपटत गेली. "उठलात का बे?"

आणि एकेका कोपीतून रात्रभर कुडकुडलेल्या माणसांच्या शिव्या आल्या. कुणी तिनं पाडलेल्या भोकांचा उद्धार केला, कुणी तिच्या सात पिढ्यांचा, आप्पानं तर तिच्या माहेरचाही. एकही कोपी गप्प राहिली नाही. शेवटच्या दाराशी सत्यभामा काठीवर रेलून उभी राहिली, डोळ्यांतलं पाणी पुसत, पोट धरून हसत.