मागचं उडवणारी लेन्स

यशोधरा फोटो काढायला गेली की आधी माणसाकडे बघतच नाही, त्याच्या पाठीमागे बघते. मागचं ठेवायचं का, असं विचारते. नवखी गिऱ्हाइकं हसतात. तिसगावात बाईमाणसाने फोटोचा धंदा करावा हेच अजून काहींना पचलेलं नाही, त्यात हा प्रश्न. माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या स्टुडिओला लागून आहे, म्हणून तो कुठून आला ते मला ठाऊक आहे.

तळहातावर मावेल असा मिररलेस कॅमेरा तिने घेतला तेव्हा लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाप्यांनी नाकं मुरडली. गळ्यात मोठं धूड नसेल तर वऱ्हाडी फोटोग्राफर मानत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण हिला वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे हवे होते. मोठा कॅमेरा पुढे आला की ती माणसं साहेबासमोर उभी राहिल्यासारखी ताठरतात, छोट्याचं त्यांना काही वाटत नाही. अडचण लेन्सची होती. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स पत्र्याच्या घरातल्या अंधारात हात टेकायची, आणि जवळून फोटो काढला तर नाकच आधी दिसायचं.

आणखी एकच लेन्स घेणं परवडणार होतं. एक होती माणूस आणि घर दोन्ही दाखवणारी. दुसरी चेहरा जवळ ओढणारी, अंधारातही चालणारी आणि मागचं उडवणारी. उडवणं हा त्या धंद्यातला शब्द. म्हणजे माणसाच्या मागचं सगळं इतकं पुसट करायचं की नजर चेहऱ्यावरून हलू नये. यशोधराने महिनोन्महिने मोबाईलवर पाहून, नगरच्या दुकानदाराचं डोकं खाऊन दुसरी घेतली. खरं सांगतो, चेहरे असे सुंदर यायचे की मी लॅमिनेशन करता करता थांबायचो.

मग छबूआजीने तिला घरी बोलावलं. म्हणाली, माझा एक फोटो काढ. आजीचे मालक छगनतात्या जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस; फोटो काढून घेणं म्हणजे मिरवणं, असं मानणारा. त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि तोंड वाकडं झालं, तेव्हापासून कोणी मोबाईल जरी वर केला तरी ते तोंडावर टॉवेल ओढायचे. त्या दिवशी ते दारात खाटेवर बसले होते, तोंड उघडं. फोटो बायकोचा आहे, आपला काय संबंध, अशा निवांतपणे. आजीने अंगणातलं स्टूल इकडून तिकडे सरकवून एक जागा धरली आणि इथंच काढ म्हणाली. यशोधराला वाटलं, आजी ऊन बघतेय. तिने लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं आणि मागचं उडवलं.

फ्रेम हातात आल्यावर आजीने काचेवरून बोट फिरवलं. विचारलं, ह्ये कुठं गेले? यशोधरा कौतुकाने सांगू लागली, मागचं उडवलंय, म्हणून तर तुम्ही उठून दिसता.

"मी कशाला उठून दिसू?" आजी म्हणाली. "म्हातारं फोटूला बसंना, म्हनून मी त्यांच्या म्होरं बसले हुते."

आजीने जागा उन्हासाठी नाही, मागच्या तात्यांसाठी धरली होती, हे यशोधराला तेव्हा कळलं. लेन्सचं तोंड जरा मिटलं असतं तर तात्या ओळखू येण्याइतके आले असते, हे ती मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. बाजाराची गर्दी सरली की परत जाते म्हणाली. बाजाराच्या आदल्या दिवशी तात्या गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तात्यांचा फोटो हवा होता. आधार कार्डावरचा मी मोठा करून पाहिला, नुसते चौकोन आले. त्यांचा पुतण्या हर्षल, त्याने फ्रेममधला पुसट चेहरा मोबाईलच्या ॲपला दिला. ॲपने सरळ तोंडाचा, गुळगुळीत गालांचा माणूस बनवून दिला. आजीने विचारलं, ह्यो कोन पाव्हना? मग तीच फ्रेम आणून टेबलावर ठेवली.

मेणबत्ती लागली, पांढरी फुलं आली आणि हारापाशी सगळं अडलं. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. जयंतीच्या स्टेजवरून अंधश्रद्धा सोडा म्हणणारेच यात पुढे होते. शेवटी मला सांगितलं, आजीचा भाग कागदाने झाक. मी झाकला. उरला काळ्या दारातला एक फिकट डाग. माणूस म्हणा, भरलेलं पोतं म्हणा. हात जोडायला कोणी पुढे होईना. यशोधरा खांबाला धरून उभी होती, तिच्याकडे बघवत नव्हतं.

आजी उठली आणि तिने कागद काढून माझ्या हातात दिला.

"मला झाकू नगा," ती म्हणाली. "मी म्होरं हाय म्हनून तर मागचं कोन, ते कळतंय."

मग हार तिनेच उचलला आणि दोघांना मिळून घातला.