पद्माबाईनं ओ दिली

गोरेगावहून आलेली जीप मला सोडून परत फिरली, आणि फुगवट्याकाठच्या त्या गावात स्वतःच्या चपलांचा आवाजही नकोसा वाटू लागला. तिन्ही बाजूंनी धरणाचं पाणी, पाण्याच्या अलीकडे दलदल, तिच्यात माणसाहून उंच बेशरमाची झुडपं. मी पक्ष्यांच्या मोजणीसाठी आले होते. आत नेईल असं गावात एकच माणूस होतं, पद्माबाई.

साठीची काटक बाई. पाणी ओसरलं की उघड्या गाळात ती आणि धाकटी बहीण राणी हरभरा पेरायच्या. अकरा वर्षांपूर्वी सुटलेल्या शेळीमागं राणी गाळात उतरली, ती वर आलीच नाही. तेव्हापासून पद्माबाई दर हिवाळ्यात काठ्यांना लुगड्याच्या चिंध्या बांधून घट्ट जमिनीची वाट आखते.

"चिंध्या सोडून पाय टाकू नका," ती म्हणाली. "आन् कुनी बोलावलं तर आधी मला इचारा."

"इथं कोण बोलावणार?"

तिनं हातातल्या काठीला आणखी एक चिंधी बांधली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दलदलीत शिरलो. सकाळचे आठ वाजले तरी धुकं हटलं नव्हतं. बगळे, टिटव्या, पाणकोंबड्या, सगळ्यांचा नुसता कालवा. मी वहीत टिपत पुढे चालले होते. एकदम सगळं गप्प झालं.

"इकडून या बाई. इकडं कोरडं हाय."

आवाज पद्माबाईचा, उजवीकडून. मी वळून पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत आत गेले. मागून कुणीतरी माझा दंड घट्ट धरला. ती पद्माबाई होती.

"मी बोलले न्हाई," ती कुजबुजली.

तिनं काठी आडवी टाकली, पोटावर पडून मला ओढायला लागली. गाळ सोडेना. झुडपांतून पुन्हा तोच आवाज आला.

"अक्का, ती माझ्याकडं येत व्हती."

पद्माबाईनं डोळे मिटले. मग मोठ्यानं म्हणाली, "राणे, पाव्हणी हाय ती. सोड तिला."

पाय मोकळा झाला. चप्पल आतच राहिली.

"आन् तू?" आवाजानं विचारलं.

"माझी येळ झाली की येते. तवर कुनाला बोलावू नको."

कुठंतरी एक टिटवी ओरडली, मग दुसरी.

काठावर आल्यावर पद्माबाईनं तांब्यानं माझ्या पायावर पाणी घातलं.

"अकरा साल हाका मारती ती, पन ओ दिली न्हाई मी," ती म्हणाली. "एकदा दिली असती, तर तवाच गेले असते तिच्याकडं."

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा गेले. आता आवाज येत नाही, असं गावातले लोक म्हणाले. पद्माबाई मात्र दुपारी भाकर घेऊन शेवटच्या काठीपाशी जाऊन बसते. मी लांबून पाहिलं. गावातल्या भिवाजीच्या पोरीची सोयरीक कुठं जमली, पाहुणे किती आले, सगळं ती पाण्याकडं तोंड करून सांगत होती. मधेच थांबली, कान दिला, आणि हसून म्हणाली, "व्हय, व्हय. तीच पोरगी."