मागची सीट पाडताना

गाड्यांच्या गाद्या शिवणाऱ्या मावशींचं बोलणं ऐकल्याशिवाय कुणालाही गाडीची किल्ली परत मिळत नसे.

"मागच्या सीटची पाठ म्हणजे भिंत," त्या गिऱ्हाइकाला समोर उभं करून सांगायच्या. "सामानासाठी ती पाडलीत, की सामान आणि तुमची मान यांच्यामध्ये कुणी नाही. बांधल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

"मावशी, गादी शिवा, शाळा नको."

"तुम्ही शाळेत नीट बसला असतात तर मला कशाला घ्यावी लागली असती?"

हसताना त्या ओठांवर हात धरायच्या. समोरचे दोन दात नव्हते. ते नवऱ्याने पाडले होते, त्यांच्याच रबरी हातोड्याने. रबराची खूण राहत नाही असा त्याचा हिशेब होता. त्या दिवशी मावशी तीन वर्षांच्या लेकीला काखेत मारून घराबाहेर पडल्या, त्या अंगावरच्या कपड्यांनिशी. शिवायचं मशीन तिथेच राहिलं. पुढची दोन वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या मशीनवर, मालक जेवायला गेला की तासाभरासाठी बसून काम केलं. नवऱ्याचा मार त्या विसरल्या असतील. ती दोन वर्षं मात्र विसरल्या नाहीत.

लेक त्यांच्याच हाताखाली शिकली. लग्न झालं तेव्हा मावशींनी तिला रेक्झिन शिवायचं जड मशीन दिलं. टेबलावर बोल्टांनी बसवलेलं नुसतं डोकंच पस्तीस किलोचं. जावई पहिल्या वर्षी गोड होता. दुसऱ्या वर्षी लेक लांब बाह्यांचे कपडे घालू लागली. तिसऱ्या वर्षी एका दुपारी तिने फोन केला.

"आई, तो संध्याकाळपर्यंत येणार नाही. मला घेऊन जा. काल त्याने गळा दाबला."

मावशींनी सुई खाली ठेवली. गॅरेजच्या मालकाची छोटी गाडी मागून घेतली. आणि निघण्याआधी, इतक्या घाईतही, मागच्या दारात वाकून त्यांनी दोन्ही हेडरेस्ट उपसून पुढच्या सीटच्या पायाशी टाकले, खटका ओढला आणि सीटची पाठ पुढे पाडली. डिकीपासून पुढच्या सीटांपर्यंत सपाट जमीन तयार झाली. मशीन मावायला हवं होतं.

लेक दारातच उभी होती. हातात कागदांची पिशवी, पायात चपला. गळ्यावर बोटांचे पाच जांभळे ठसे होते. मावशींनी ते पाहिले, आणि सरळ आत शिरून पाना मागितला.

"आई, मशीन नको. आपण जाऊ."

"मी रिकाम्या हाताने निघाले होते. तू नाही निघायचंस."

"तो कधीही येईल!"

"संध्याकाळी येणार म्हणालीस ना? चार बोल्ट आहेत. धर इकडून."

चार बोल्टांपैकी एक गंजलेला होता. त्याने दहा मिनिटं खाल्ली. डोकं सुटलं, ते दोघींनी उचलून गाडीत सरकवलं. मग टेबलाची फळी. ती लांब होती. डिकीच्या बाहेर हातभर राहिली आणि डिकीचं दार मिटेना. दोरी एकच आणली होती. मावशींनी त्या दोरीने डिकीचं दार खालच्या हुकाला बांधलं, सामान मागे रस्त्यात पडू नये म्हणून. पुढे काय येऊ शकतं, हे शंभर लोकांना सांगणाऱ्या बाईला त्या क्षणी आठवलं नाही.

लेक पुढे बसली. मावशी वळसा घालून आपल्या दाराशी येत होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सासूबाई, चोरी दिवसाढवळ्या?"

जावयाच्या हातात लोखंडी नळी होती. पहिला घाव मावशींच्या दंडावर बसला. हात खांद्यापासून लाकूड झाला. दुसरा घाव लेकीच्या बाजूच्या काचेवर. काच एकदम पांढरी झाली आणि लाह्यांसारखी तिच्या डोक्यावर, मांडीवर सांडली.

"उतर खाली!"

"आई, गाडी काढ!"

मावशींनी आत शिरून एका हाताने किल्ली फिरवली. गाडी धक्के खात सुटली. आरशात जावई पळताना दिसला, नळी फेकलेली. गल्ली अरुंद, वेग येईना. त्याने बाहेर आलेली फळी धरली, दोन ढांगा टाकल्या आणि अर्धवट उघड्या डिकीच्या फटीतून पोटावर आत घुसला. सीट उभी असती तर तिथेच अडकला असता. आता समोर सपाट वाट होती. मशीनच्या बाजूने कोपरांवर सरपटत तो पुढे आला.

त्याने आधी लेकीचे केस धरले. मग दोन सीटांच्या मधून हात घालून गळ्याभोवती कोपराची मिठी आवळली आणि तिला मागे ओढलं. पट्टा लावायला वेळच मिळाला नव्हता. ती अर्धी सीटवर, अर्धी मधल्या फटीत. तोंडातून आवाज निघेना, फक्त टाचा डॅशबोर्डवर आपटत होत्या.

मोठा रस्ता लागला. काटा चाळीसवर गेला. हा न बांधलेला माणूस पुढे फेकला जाईल, एवढंच मावशींच्या डोक्यात आलं. त्यांनी सगळं अंग टाकून ब्रेक दाबला.

गाडी थांबते तेव्हा गाडीतलं सामान थांबत नाही. ते त्याच चाळीसच्या वेगाने पुढे जातं, जोवर काही आडवं येत नाही. जावयाचं डोकं गिअरवर आदळलं. त्याच्या मागून मशीनचं डोकं घसरत आलं. त्याचं कोपर आणि लेकीच्या गळ्याखालचं हाड एका रेषेत होतं. दोन आवाज झाले, वाळकी फांदी मोडावी तसे, एकापाठोपाठ.

त्याची मिठी सुटली. पण दुसऱ्या हाताने त्याने पुन्हा केस पकडले. मावशी उतरल्या, पलीकडचं दार उघडलं, पायाशी पडलेला हेडरेस्ट उचलला आणि त्याच्या मुठीवर हाणला. बोटं उघडली. त्यांनी दुसरा घाव घातला. तिसरा. चौथा डोक्यावर घालायला हात वर गेला. दोन पोलादी दांड्या खाली, नेम बरोबर.

"आई, बस! मरेल तो!"

"मरू दे!"

"मला धर आधी! मी पडतेय!"

हेडरेस्ट हातातून गळला. त्यांनी लेकीला धरलं. गाडी, मशीन, फळी आणि विव्हळणारा जावई भर रस्त्यात सोडून दोघी समोर थांबलेल्या रिक्षात चढल्या.

इस्पितळात डॉक्टरीणबाई फॉर्म भरायला बसल्या. बाजूला पोलीस हवालदार उभा होता.

"हाड कोणी मोडलं?"

"नवऱ्याने," लेक भिंतीकडे बघत म्हणाली.

"नाही," मावशी म्हणाल्या. "गळ्यावरचे ठसे त्याचे. माझा दंड, गाडीची काच, तेही त्याचंच काम. हाड माझ्यामुळे मोडलं. मशीन मी बांधलं नव्हतं."

"बाई, सगळं त्याच्यावर लागलं तर केस मजबूत होईल," हवालदार हळूच म्हणाला.

"खोटं मिसळलं, की तेवढंच धरून त्याचा वकील बाकीचं पुसून टाकेल. वेगवेगळं लिहा."

डॉक्टरीणबाईंनी वेगवेगळं लिहिलं. हवालदार बाहेर गेला.

"ती नको म्हणत होती," मावशी कुणालाच उद्देशून न बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाही. बोल्ट सोडत बसले."

लेक पलंगाच्या कडेला बसली होती. हात गळ्यातल्या झोळीत, ओठ फुटलेला. रागावलेली होती, आणि तो राग लगेच जाणार नव्हता. मग तिने मान थोडी खाली केली.

"केसांत काच आहे. नर्सबाई फार ओढतात. तू काढ."

मावशींचा एक हात अजून उचलत नव्हता. दुसऱ्या हाताने त्या एकेक बट वेगळी करू लागल्या. जिथे जिथे मुळाशी सूज होती, तिथे लेक दचकत होती. तिथे त्या थांबत होत्या, आणि ती "हं" म्हणाल्यावरच पुढे जात होत्या.