कोल्ह्यांचा भाचा

आमच्या वटार गावात दरवर्षी नाताळ उलटला की शाळेच्या पटांगणावर पोरांचं नाटक होतं. त्या नाटकात मोठा माणूस एकच, ऑगस्टीन. बाकी सगळी चिल्लीपिल्ली. कुणी कोंबडी, कुणी बगळा, कुणी कुत्रा, आणि त्यांच्यात हा पन्नाशी गाठलेला बाप्या खलनायक. यंदा जे झालं ते आठवलं की माझा हात मशीनवर ठरत नाही. म्हणून आज मशीन बंद. ब्लाउज उद्या मिळतील, ज्यांना घाई असेल त्यांनी दुसरा टेलर बघावा.

मी फ्लोरा. नाटकाचे कपडे मीच शिवते, फुकट शिवते आणि वर बोलणीही खाते. ऑगस्टीनच्या भिंतीला माझी भिंत. तो चड्डीत होता तेव्हापासून त्याला बघतेय, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला नाही तर कुणाला?

ऑगस्टीन शाळेची व्हॅन चालवतो. सकाळी आधी शेजारच्या कळंब गावाला जातो, तिथली पोरं भरतो, मग वाटेतली घेत घेत शाळेपर्यंत. गाडी कुठे अडकली की पोरं केकाटायला लागतात. त्यावर याने उपाय काढला, प्राण्यांचे आवाज. म्हैस काढतो, टिटवी काढतो, आणि कोल्हा तर असा काढतो की कळंबच्या तिवरांतले खरे कोल्हे उत्तर देतील. आवाजांतून गोष्ट झाली आणि गोष्टीतून नाटक झालं. पोरांनी हट्ट धरला, ड्रायव्हर काका, स्टेजवर करूया. झालं. मला बोलावणं आलं, शेपट्या शिवायला.

नाटकाचं नाव 'कोल्ह्यांचा भाचा'. गाव सगळं प्राण्यांचं. अंगणात कुत्र्यांचं राज्य, खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, कोल्ह्यांचं. बोलतात सगळे माणसांसारखे आणि भांडतातही माणसांसारखे. त्यात एक भुर्क्या. बाप कुत्रा, आई कोल्हीण. कुत्रे त्याला तळ्यावर येऊ देत नाहीत, तू खाजणातला म्हणतात. कोल्हे त्याला बिळात घेत नाहीत, तू अंगणातला म्हणतात. शेवटी भुर्क्या बिघडतो. कोंबड्यांची अंडी पळवतो, गवताच्या गंजीला आग लावतो, आणि कुत्र्यांना सांगतो कोल्ह्यांनी लावली, कोल्ह्यांना सांगतो कुत्र्यांनी. दोन्हीकडची पिल्लं होरपळतात. चांगला दुष्ट आहे हो, उगाच बिचारा वगैरे नाही. तरी पोरं त्याच्यासाठी रडतात.

त्याचा पोशाख बघा एकदा. अर्धं अंग जुन्या ब्लँकेटचं, अर्धं पिवळ्या टॉवेलचं. एक कान उभा, एक लोंबता. "फ्लोरा, लोंबता कान डोळ्यावर येतो," म्हणून दरवर्षी कुरकुर करतो. येऊ दे म्हटलं, कुत्र्याच्या बाजूचा आहे तो.

आता हे कोल्हे कोण आणि कुत्रे कोण हे पोरांना कळत नाही, पण मोठ्यांना सगळं कळतं. ऑगस्टीनचे वडील इग्नेशियसकाका आमचे वटारचे ख्रिस्ती, केळीच्या वाडीवाले. आई विनयाबाय कळंबची, कोळ्यांची हिंदू मुलगी. डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायला आमच्या गावात यायची. इग्नेशियसकाका रोज मासे घ्यायचे. घरात एकटा माणूस, एवढे मासे करायचा काय? सगळ्या गावाला कळलं, फक्त तिच्या भावाला कळायचं राहिलं.

भाऊ म्हणजे चंद्रहास. बहिणीवर जीव टाकणारा, होडीवर जायचा, तोंडाचा फटकळ. विनयाबायने बाप्तिस्मा घेतला, नाव बदललं (हाक मात्र आजतागायत विनयाच), आणि लग्न ठरलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं वाचतात. कुणाला काही हरकत असेल तर फादरना कळवा, असं सांगतात. कळवायचं म्हणजे मागाहून जाऊन, हळूच. हे चंद्रहासमामाला कोण सांगणार? त्याला वाटलं, बंदरावरच्या लिलावासारखं तिथल्या तिथे ओरडायचं. तिसऱ्या रविवारी तो कळंबहून चालत आला, जन्मात पहिल्यांदा चर्चमध्ये शिरला, आणि नावं वाचून होताहेत तोच भर मिस्साच्या प्रार्थनेत उभा राहून गरजला, "माझी हरकत हाय."

फादरनी शांतपणे विचारलं, कारण काय. मामा म्हणाला, "कारन नाय. हरकत हाय." फादर म्हणाले, बाबा, कारणाशिवाय हरकत धरता येत नाही. लोक हसले. माझी आई तिथे होती, ती सांगायची, हसायला नको होतं. मामा खाली मान घालून निघाला आणि त्यानंतर बहिणीशी एक शब्द बोलला नाही. इग्नेशियसकाका वारले तेव्हाही आला नाही.

तर असा हा ऑगस्टीन. आमच्याकडच्या पोरांनी त्याला कोळणीचा म्हणून चिडवलं, आईबरोबर कळंबला बाजाराला गेला तर तिथे पाववाल्याचा, म्हणजे ख्रिस्ती बापाचा. लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. तो हसण्यावारी नेतो. मला राग येतो, अजून येतो.

आणि कमाल ऐका. चंद्रहासमामाची नात आर्या, सहावीतली, ती याच्याच व्हॅनमध्ये. म्हणजे रोज सकाळ-दुपार याची गाडी मामाच्या दारात उभी. हॉर्न वाजला की म्हातारा उठून आत जातो. आर्याच्या आईबाबांनीही पोरीला काही सांगितलेलं नाही. तिच्या दृष्टीने ते ड्रायव्हर काका, बस.

गेल्या पावसाळ्यात विनयाबाय आजारी पडली. बरी झाली, पण वाळली. तापात भावाला हाका मारायची, चंदू, चंदू. शुद्धीवर आली की विचारायची, मी काय बोलले? ऑगस्टीन सांगायचा, काही नाही. तेव्हा एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "फ्लोरा, मला मामाकडून काही नको. चहासुद्धा नको. दोघांतलं एक जायच्या आत त्याने आईशी एकदा बोलावं. एवढंच." मी म्हटलं, मग जाऊन सांग ना त्याला. म्हणाला, "दारात रोज असतो की मी. तो आत जातो."

दिवाळीनंतर नाटकातल्या पंचायतीची प्रमुख म्हैसआजी कोण होणार ते ठरलं. आर्या. वर्गाची मॉनिटर, आवाज खणखणीत, नियम मोडला की बापालाही सोडत नाही. मी मनात म्हटलं, फ्लोरा, आता हातपाय हलव. निमंत्रणाच्या कार्डावर मी एक ओळ घालून घेतली की भाग घेणाऱ्या मुलांच्या आजी-आजोबांसाठी पुढची रांग राखीव आहे. आणि आर्याला बजावलं, आजोबा आले नाहीत तर शिंगं मिळणार नाहीत. पोरगी घरी जाऊन दोन दिवस जेवली नाही म्हणे. शाब्बास.

नाटकाच्या दिवशी चार वाजता पटांगण भरलं. एव्हरशाईन सिटीच्या बिल्डिंगांतून कुणाकुणाचे पाहुणेही आलेले. मी पडद्याच्या फटीतून बघतेय, एका हातात सुई, तोंडात टाचण्या. विनयाबाय खलनायकाची आई म्हणून पुढच्या रांगेत येऊन बसली, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली. आणि थोड्या वेळाने म्हातारा आला. पांढरा सदरा, काठी, रागावलेला चेहरा. स्वयंसेवक पोराने त्याला नेमकं पर्सच्या पलीकडच्या खुर्चीवर बसवलं. म्हणजे मीच तसं सांगून ठेवलं होतं. दोघांच्या मध्ये एक खुर्ची आणि एक पर्स. दोघंही नाकासमोर बघत बसली. बघता बघता मी टाचणी गिळली असती.

ऑगस्टीनला मी सांगितलं, आलाय. त्याचं तोंड रंगवलेलं, अर्धं लाल, अर्धं तपकिरी, तरी पांढरं पडलेलं कळलं. "संवाद विसरलो," म्हणाला. मी म्हटलं, तूच लिहिलेस ना रे शहाण्या, जा.

आणि काय केलं हो त्याने त्या दिवशी. इतकी वर्षं बघतेय, पण असा भुर्क्या नाही बघितला. आग लावून नाचला तेव्हा पहिल्या रांगेतली दोन पोरं आजीच्या मांडीवर चढली. कोंबड्या खऱ्याच घाबरून पळाल्या, एकीचा पंख माझ्या हातात राहिला. कुत्र्यांचा नाईक जेसन, आठवीतला दांडगट, त्याने भुर्क्याला पकडलं तेव्हा सगळं पटांगण टाळ्या वाजवत होतं. म्हातारा तेवढा वाजवत नव्हता. काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होता.

मग पंचायत. इथे ऑगस्टीनने चर्चमधली रीत उचललीय, आईच्या लग्नाची हकीकत ऐकून. म्हैसआजी शिक्षा वाचते आणि तीनदा विचारते, कुणाची हरकत? पंचायतीचा नियमही नाटकात आधीच सांगून ठेवलेला असतो, कारणाशिवाय हरकत चालणार नाही. दरवर्षी तीनही वेळा कुणी बोलत नाही. दोन मुली निळी साडी ताणून धरतात, ती खाडी. भुर्क्या भरतीच्या पाण्यात शिरतो आणि बुडतो. संपलं नाटक. पोरं रडतात, मग त्यांना केक मिळतो.

आर्या उठली. शिंगं सरळ केली आणि वाचलं, "याला खाडीपलीकडे हाकलून द्यायचं ठरलं आहे. कुणाची हरकत?" भुर्क्याने कुत्र्यांकडे बघितलं. कुत्र्यांनी माना फिरवल्या.

"दुसऱ्यांदा विचारते. कुणाची हरकत?" त्याने कोल्ह्यांकडे बघितलं. कोल्हे पाठमोरे झाले. पटांगणात शेंगदाण्याच्या पुड्यांचा आवाजही थांबला.

"शेवटचं विचारते. कुणाची हरकत?"

तिसऱ्या वेळी भुर्क्या प्रेक्षकांकडे बघतो. दरवर्षी वर, झाडांकडे बघतो. त्या दिवशी त्याने पुढच्या रांगेकडे बघितलं. लोंबता कान डोळ्यावर आलेला, तो हाताने बाजूला केला आणि बघत राहिला. मी विंगेतून कुजबुजतेय, साडी धरा गं, साडी. कुणी हलेना.

काठी खाली पडल्याचा आवाज झाला. चंद्रहासमामा उभा राहिला होता.

"माझी हरकत हाय," म्हणाला.

मागे काही लोक हसले. त्यांना वाटलं नाटकातलंच आहे. आर्या गडबडली, माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं, "आजोबा, बसा ना." पण म्हातारा बसेना. मग पोरगी ताठ झाली. मॉनिटर ती मॉनिटर. नियम पुस्तकात असो की नाटकात, तिला सारखाच. म्हणाली, "कारणाशिवाय हरकत चालणार नाही. कारण सांगा."

देवाशपथ सांगते, माझ्या आईने सांगितलेलं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. मला वाटलं आता हा पुन्हा मान खाली घालून जाणार. कळंबपर्यंत चालत जाणार आणि मग कधीच येणार नाही, आणि याला कारण मी, मीच आणून बसवला त्याला इथे.

म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. मग बोलला, तोच होडीवरचा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. "माझ्या भनीचा पोर हाय तो. भाचा हाय माझा."

आता कुणी हसलं नाही. आमच्या गावातली म्हातारी माणसं होती ना तिथे, त्यांना सगळं ठाऊक.

म्हातारा आर्याकडे बघून म्हणाला, "हे कारन चालतंय का?"

आर्याने ड्रायव्हर काकांकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. डोक्यात काय काय जुळलं असेल त्या पोरीच्या. म्हणाली, "चालतं."

जेसनला काही समजेना. त्याने भुर्क्याचा दंड अजून धरलेलाच. "मग आता हाकलायचं की नाही?" त्याने विचारलं. "नाही," आर्या म्हणाली, "सोड त्याला." जेसनने सोडलं. ऑगस्टीन तिथेच गुडघ्यांवर बसला. अर्धा लाल, अर्धा तपकिरी रंग गालांवरून एकमेकांत उतरायला लागला, आणि हा बाबा पुसायचंही विसरला. मी विंगेत तोंडात पदर कोंबून रडत होते. टाचण्या आधीच काढल्या होत्या म्हणून बरं.

म्हातारा मात्र उभाच. उठला तर खरा, पण आता पुढे काय करायचं ते त्याला कळेना. काठी खाली पडलेली, वाकवत नव्हतं, शेजारी बघायची छाती होत नव्हती. आणि विनयाबाय? ती इतका वेळ स्टेजकडेच बघत होती, मान जराही वळवली नव्हती. मी मनात म्हटलं, बाय, आता तू अडू नकोस. तिचा रागही काही कमी वर्षांचा नव्हता, आणि तो करायचा तिला हक्कच होता.

तिने हळूच मधल्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.

"इथं बस आता, चंदू," ती म्हणाली. "मागच्यांना दिसत नाय."